कवटी उघडण्यापूर्वी

कवटीतील गाठ कर्करोगाची नाही एवढे ऐकताच नातलगांचा जीव भांड्यात पडतो. परंतु तीच गाठ दृष्टिमज्जेला वेढून बसली किंवा कवटीच्या तळाच्या हाडात झिरपली म्हणजे तिचे सौम्यपण रोग्याच्या फारसे कामी येत नाही, आणि शल्यविशारदाने सुरी हाती घेण्यापूर्वी तिची जात व सीमा नेमकी जाणणे अगत्याचे ठरते. बहुतेक प्रसंगी हे काम एमआरआय चोख बजावतो. प्रत्येक डोकेदुखीवर किरणोत्सारी औषधाचा प्रयोग करावा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मात्र जेथे एमआरआयने संशय फिटत नाही, तेथे अण्विक चिकित्सेची मदत न घेणे ही हेळसांड होय. मेनिन्जिओमा म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ; तिच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनचे ग्राहक विपुल असल्यामुळे गॅलियम-६८ जोडलेले डोटाटेट त्यांना जाऊन चिकटते, आणि हाडात शिरलेला अंश किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणात दडलेली नवी वाढ पेट स्कॅनमध्ये उठून दिसते. रक्तवाहिन्यांच्या गाठीचा वहीम असल्यास रोग्याच्याच तांबड्या पेशींना टेक्नेशियम जोडतात. अशी गाठ आरंभी फिकी दिसून सावकाश उजळते, आणि शल्यविशारद रक्तस्रावाच्या तयारीने उभा राहतो. अर्थात फायब्रस डिस्प्लेशियासारखा हाडाचा साधा विकारही स्कॅनमध्ये झळकतो, सबब केवळ उजळलेल्या ठिपक्यावरून निकाल देणे धोक्याचे.

आमच्या छत्रपती संभाजीनगरचे घाटीचे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले, त्याच वर्षी तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, आणि १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले. म्हणजे ही विद्या परमुलखातील नव्हे. गॅलियमचे अर्धे बळ ६८ मिनिटांत सरते, तेव्हा ते मुंबईहून समृद्धी महामार्गाने आणण्याची कल्पना फोल आहे, हे खरे. पण ज्या जर्मेनियमपासून ते निपजते त्याचे अर्धायुष्य २७१ दिवसांचे, आणि त्याचे जनित्र (तंत्रज्ञ थट्टेने त्याला गाय म्हणतात) एकदा बसविले की महिनोन्महिने जागच्या जागी द्रव्य मिळते. टेक्नेशियमचे जनित्रही आठवडाभर पुरते. तेव्हा अंतराची सबब टिकत नाही. उरतो तो पैशाचा आणि प्रशिक्षित माणसांचा प्रश्न, आणि तो सोडविणे सरकारच्या हातचे आहे.

जालना, बीड, परभणी, हिंगोलीचा गरीब रोगी अखेर घाटीच्याच दारी येतो. त्याच्या तपासणीसाठी जनित्र, कॅमेरा आणि माणसे यांची कायमची तरतूद अंदाजपत्रकात असावी, आणि मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी ती मंजूर होईपर्यंत मुंबईतील खातेप्रमुखांचा पिच्छा सोडू नये.