रविवारी अंडं फुटलं तर?

तर झालं असं की, परवा कॅन्टीनमध्ये एक मैत्रीण हळूच म्हणाली, "पुढच्या महिन्यात बारा तारखेला सुट्टी टाकलीये, ट्रान्स्फर आहे." आमच्यात ट्रान्स्फर म्हणजे एकतर दुसरा प्रोजेक्ट नाहीतर बेंगळुरू. तिची ट्रान्स्फर तसली नव्हती. गोठवलेलं भ्रूण गर्भाशयात ठेवायचं होतं. "तारीख इतकी आधी कशी काय कळली?" मी विचारलं. "अगं, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून गोळ्या आहेत ना, डॉक्टरांनी कॅलेंडरच दिलंय."

पुढचा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता, तो मी गिळला. नाजूक विषय, त्यात जेवणाची वेळ. पण दोन दिवस स्वतःवरच चिडत राहिले, म्हणून विकांताला हे लिहायला बसले. गिळलेला प्रश्न असा होता : "दुसरी पद्धत आहे, हे तुला कोणी सांगितलं का?"

गोठवलेलं भ्रूण ठेवायचं तर गर्भाशयाचं अस्तर तयार हवं. ते दोन प्रकारे होतं. एक, बाईचं शरीर दर महिन्याला करतं तसंच करू द्यायचं. सोनोग्राफी करत राहायची, अंडं कधी फुटतं ते पाहायचं आणि त्यावरून दिवस मोजून भ्रूण ठेवायचं. दोन, इस्ट्रोजेनच्या गोळ्या देऊन अस्तर वाढवायचं, त्यात अंडं फुटूच द्यायचं नाही, मग बाहेरून प्रोजेस्टेरॉन द्यायचं. पहिलं नैसर्गिक चक्र, दुसरं औषधांवर चालवलेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर दुसरं म्हणजे क्रॉन जॉब, ठरल्या वेळी चालणार म्हणजे चालणार!

आता हे मला कसं ठाऊक? तर ताईमुळे. तिची पाळी घड्याळ लावून घ्यावी अशी, अठ्ठावीस नाहीतर एकोणतीस दिवस. दोष फक्त नलिकांमध्ये होता. तरी तिला दुसरीच पद्धत मिळाली. मिळाली म्हणजे काय, विचारलंच नाही कोणी. एक छापील तक्ता हातात दिला. प्रोजेस्टेरॉनची तेलातली इंजेक्शनं रोज संध्याकाळी कमरेखाली घ्यायची होती. भाऊजी सुई बघून पांढरे पडायचे, म्हणून नर्सकडून मी शिकून घेतलं. तेल घट्ट, सुई जाड. महिन्याभरात दोन्ही बाजूंना गाठी आल्या. गरम पाण्याची पिशवी घेऊन पालथी पडून ताई कॉल अटेंड करायची. एकदा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मी दीड तास अडकले, तर फोनवर ती रडायलाच लागली. तेव्हा वाटलं, किती घाबरट आहे ही. नंतर कळलं की तिची भीती अगदीच निराधार नव्हती.

कारण असं. अंडं फुटल्यावर त्या जागी एक छोटा पिवळसर गोळा तयार होतो, पीतपिंड. शाळेच्या पुस्तकात आकृती होती, आपण गुण मिळवून विसरलो. गर्भ राहिला की वार तयार होऊन कारभार हाती घेईपर्यंत, म्हणजे साधारण सातव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत, प्रोजेस्टेरॉन हाच पुरवतो. औषधांवर चालवलेल्या चक्रात अंडं फुटतच नाही, त्यामुळे पीतपिंडही नाही. सगळी भिस्त सुईवर आणि गोळीवर. (हे वाचणारी कोणी आत्ता त्या औषधांवर असेल, तर बाई, ती मनाने अजिबात बंद करू नकोस. तुझ्यासाठी तोच पुरवठा आहे.)

पण पीतपिंड फक्त प्रोजेस्टेरॉन देत नाही. रिलॅक्सिनसारखी इतर द्रव्यंही देतो. गरोदरपणाच्या सुरुवातीला रक्तवाहिन्या सैलावतात, मूत्रपिंडं जास्त काम करू लागतात, त्यात ह्यांचा हात असावा असं मानलं जातं. ही द्रव्यं कुठल्याच इंजेक्शनातून मिळत नाहीत. २०१९ साली 'हायपरटेन्शन' ह्या अमेरिकी नियतकालिकात एक अभ्यास आला. औषधांच्या चक्रात प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून अवयवांवर ताण येण्याचा विकार, १२.८ टक्के बायकांना झाला. नैसर्गिक चक्रात ३.९ टक्के. अभ्यास छोटा होता, मान्य. पण त्याच वर्षी स्वीडनमधल्या देशभरच्या नोंदी आल्या, त्यातही रक्तदाबाचे विकार १०.५ विरुद्ध ६.१ टक्के. ह्या नोंदी आहेत, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, त्यामुळे कारण सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण बाण एकाच दिशेला दाखवतायत.

ताईचं बीपी चौतिसाव्या आठवड्यात १६०/११० झालं. रात्री सिझर. भाची १.९ किलोची, बारा दिवस काचेच्या पेटीत. आता दोन वर्षांची आहे आणि माझ्या लॅपटॉपचे की-कॅप काढते. पद्धतीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, एका केसवरून काहीच सिद्ध होत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दोन रस्ते होते आणि तिला एकच दाखवला.

का दाखवला? मी नंतर त्या क्लिनिकमध्ये फाईल आणायला गेले तेव्हा विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, नॅचरलमध्ये डेट आपल्या हातात नसते. रविवारी अंडं फुटलं तर?"

हसू नका, अडचण खरी आहे. लॅबमध्ये माणूस लागतो, सोनोग्राफीच्या फेऱ्या वाढतात, कधी वेळ हुकली तर तो महिना वाया जातो. नोकरी करणाऱ्या बाईलाही तारीख आधी कळलेली बरी पडते. पीसीओएस असेल, पाळी अनियमित असेल, अंडं बनतच नसेल, तर साधं नैसर्गिक चक्र जमणारच नाही. हे सगळं कबूल. पण ताईसारख्या नियमित पाळीच्या बाईला औषधांनी मूल व्हायची शक्यता वाढते असं म्हणाल, तर ते कबूल नाही. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये व्हिएतनामची चाचणी छापून आली. नियमित अंडं फुटणाऱ्या १,४२८ बायका, चिठ्ठ्या टाकून तीन गट. नैसर्गिक चक्रात ३७ टक्के, एक इंजेक्शन देऊन अंडं फोडलेल्या चक्रात ३३ आणि औषधांच्या चक्रात ३४ टक्के जणींना मूल झालं. म्हणजे जवळपास सारखंच. यश सारखं आणि बीपीचा धोका एकीकडे जास्त दिसतोय, तर मग आधी कुठला पर्याय पुढे ठेवायला हवा? आणि त्या मधल्या गटात पीतपिंडही मिळतो आणि इंजेक्शनची वेळ ठरवून रविवारही थोडाफार टाळता येतो! सांगा की मग.

गंमत म्हणजे २०२१ च्या एआरटी कायद्यात लिहिलेलंच आहे की क्लिनिकने जोडप्याला फायदे, तोटे, खर्च, दुष्परिणाम, धोके सांगायचे. ताईने सह्या किती केल्या विचाराल तर मोजल्या नाहीत. त्या गठ्ठ्यात पीतपिंडाबद्दल एक ओळ नव्हती. मी दोनदा वाचला. प्रॉडक्शनला कोड टाकताना आम्हाला रोलबॅक प्लॅन लिहावा लागतो हो, तोही एका फालतू बटनासाठी.

ज्यांचं औषधांवरच होणार आहे किंवा झालंय, त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. बहुतेक जणींचं नीट पार पडतं. पण "माझं एफईटी औषधांच्या चक्रातलं आहे" हे बाळंतपणाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. बऱ्याचदा आयव्हीएफवाले वेगळे, बाळंतपणवाले वेगळे, आणि मधली माहिती फाईलमध्येच झोपते. बीपी नियमित मोजा. कमी मात्रेची ॲस्पिरिन लागेल का, हे बाराव्या आठवड्याच्या आसपास विचारा. ती द्यायची तर सोळाव्याच्या आत सुरू करतात. ताईला हे कोणी विचारलं नाही आणि आम्हालाही माहीत नव्हतं.

असो. सोमवारी मैत्रिणीला गाठून प्रश्न विचारला एकदाचा. तिची पाळी नियमित आहे. ती म्हणाली, "असं असतं होय?" आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणतील, निदान विचारून झालेलं असेल.

ताईची दोन भ्रूणं अजून गोठवलेली आहेत. ह्या वेळी दुसरे डॉक्टर आहेत, त्यांनी दोन्ही पद्धती कागदावर काढून दाखवल्या. नैसर्गिक चक्र ठरलंय. पहिली सोनोग्राफी पाळीच्या दहाव्या दिवशी, आणि तो नेमका रविवार आलाय. सकाळी साडेआठला मी तिला घेऊन जाणार आहे.