आधी वाफसा, मग वजन



कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला आणि परतीचा पाऊस लांबला, की कराड, वाळवा, पलूस भागातल्या काळ्या रानात एक देखावा हमखास दिसतो. भरलेली ट्रॉली सरीत रुतलेली असते, ट्रॅक्टरचे मागचे चाक जागेवरच गरगर फिरते आणि तोंड वर उचलू लागले, की कोणीतरी हाक मारतो, "पोरांनो, बॉनेटवर बसा रे!"

वजन हवे हे खरे. पण माणसाचे नव्हे. उचललेले तोंड धाडकन खाली आपटले, की बॉनेटवरचा पोरगा थेट चाकाखाली जातो.

कुळव ढेकळात उड्या मारू लागला, की आपण त्यावर धोंडा ठेवतो. ट्रॅक्टरच्या चाकाचेही तसेच आहे. चाकावर भार कमी पडला, तर नक्षी मातीत रुतत नाही आणि चाक नुसते घसरते. थंड मुलुखात बर्फावर गाडी घसरू नये म्हणून मागच्या चाकांवर येईल अशा बेताने वाळूची पोती ठेवतात. तत्त्व तेच.

आपल्याकडे सर्वांत स्वस्त वजन म्हणजे पाणी. 12.4-28 किंवा 13.6-28 मापाच्या एका टायरमध्ये साधारण दीडशे ते दोनशे लिटर पाणी मावते. एक लिटर म्हणजे एक किलो. दोन्ही टायर मिळून तीनशे ते चारशे किलो वजन वाढते.

पाणी असे भरावे. सपाट जागी जॅक लावून चाक उचलावे आणि खाली लाकडी ठोकळा द्यावा. व्हॉल्व्ह अगदी वरच्या बाजूला आणून त्याची पिन काढावी. उंचावर ठेवलेल्या पिंपातून नळीने गाळलेले पाणी सोडावे. अधूनमधून नळी काढून आतली हवा जाऊ द्यावी. व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर येऊ लागले, की टायर सुमारे पाऊण भरला असे समजावे. मग पिन बसवून पुस्तिकेत दिली आहे तेवढी हवा भरावी. पाऊण भागाच्या वर पाणी भरू नये. दणके सोसायला आत हवा लागते. गारठ्याच्या देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. आपल्याकडे त्याची गरज नाही.

वजन पुरेसे झाले का, हे खडूने कळते. मागच्या टायरवर खूण करा. रानात अवजार उचलून चाकाचे 10 फेरे होईतो चाला आणि ते अंतर खुंट्यांनी आखा. आता नांगर लावून तेच अंतर कापा आणि फेरे मोजा. सव्वाअकरा ते पावणेबारा फेरे आले, तर वजन बेताचे आहे. 13 आले, तर तीन फेऱ्यांचे डिझेल मातीत गेले, वजन वाढवा. जेमतेम 10 आले, तर वजन जास्त आहे, उतरवा. जादा वजनाने डिझेल जळते आणि रान दबते. रोटाव्हेटरसारख्या हलक्या कामाला हे ओझे वाहू नये. माण, जतच्या मुरमाड रानाचा आणि काळ्या रानाचा हिशेब एक नसतो. म्हणून फेरे आपापल्या रानात मोजावेत.

ट्रॉली ओढताना तोंड उचलत असेल, तर पुढे कंपनीची बिडाची वजने लावावीत. ट्रॉली किंवा साखळी खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. धुऱ्याच्या वर साखळी बांधून ओढले, तर ट्रॅक्टर मागे उलटतो. रुतलेल्या चाकाला ओंडका बांधून बाहेर काढण्याची युक्ती तर जीवघेणी आहे. ओंडका अडला, की चाक थांबते आणि ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरून चालकावर येतो. अशा वेळी ट्रॉली सोडावी, लागल्यास ऊस उतरवावा आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावे.

शेवटची गोष्ट आपल्या वाडवडिलांची. रानाला वाफसा नसेल, तर कितीही वजन लावा, चाक घसरणारच आणि वर जमीन चेचली जाईल. दबलेल्या सरीत खोडव्याची मुळी चालत नाही. तोडीची घाई असली, तरी ट्रॉली पक्क्या वाटेवर उभी करून मोळ्या डोक्यावरून आणणे परवडते. चार तास जास्त जातील, पण पुढच्या वर्षाचा खोडवा आणि घरचा माणूस दोन्ही शाबूत राहतील.