ग्रेस मार्कांवर पास झालेला फेलिक्स

परवा एका सद्गृहस्थांनी जुन्या कृष्णधवल कार्टूनपटांना गुण वाटले. यजमानांचे पोहे खाल्ले होते म्हणून मी शेवटपर्यंत गप्प बसलो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: हे लघुपट म्हणजे एका कलेचे रांगणे. रंग नाही, गोष्ट नाही, हालचाल खरी नाही, विनोद तेच तेच. पुढे मोठे, रंगीत, रडवणारे चित्रपट आले त्यांची ही पायरी, एवढेच काय ते मोल. तेव्हा सहानुभूतीने पाहावे आणि पस्तीस गुण देऊन वरच्या वर्गात ढकलावे. (पस्तीस हा आकडा माझा, पण त्यांच्या चेहऱ्यावर तो होता.)

किरकोळ आक्षेप आधी उरकतो. गोष्ट नाही? दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम टिपून दाखवली. त्यात खलनायक कुठे होता? तरी ती पाहून पैसे घालणारा माणूस तयार झालाच. हालचाल खरी नाही? चित्रित केलेल्या माणसावरून हालचाल गिरवण्याच्या यंत्राचे, रोटोस्कोपचे, पेटंट मॅक्स फ्लायशरला 1917 मध्येच मिळाले होते. 1932 च्या ‘मिनी द मूचर’मध्ये त्याच्या स्टुडिओने गायक कॅब कॅलोवेचा खराखुरा नाच वॉलरसच्या भुताच्या अंगात उतरवला. म्हणजे खरे चालणे येत होते; हातपाय रबरी नळीसारखे वळवले ते हौसेने. तेच तेच विनोद? आहेत. कृष्णवर्णीयांची हिणकस थट्टा? तीही आहे, पुष्कळ आहे, आणि तिचे समर्थन मी करणार नाही. पण गंमत अशी, की हा आक्षेप सद्गृहस्थांनी काढलाच नाही. त्यांना खटकला तो वेगळाच रंग.

माझा खरा राग आहे तो या ‘रंग नाही’वर. भाकरीपुढे बसून ‘पुरणपोळी जमली नाही हो’ म्हणण्यासारखे आहे हे. ऑटो मेसमरने 1919 मध्ये फेलिक्स हा बोका काळाकुळकुळीत केला, कारण बाह्यरेषा काढत बसण्याचे कष्ट वाचत आणि काळा ठोकळा पडद्यावर हलताना ठसठशीत दिसे. काटकसर होती, कबूल. पण त्या काटकसरीतून काय निघाले ते पाहा. बोका शेपटी उपटतो, तिची काठी करतो. डोक्यावर उमटलेले प्रश्नचिन्ह हातात घेतो आणि आकड्यासारखे वापरतो. हे पचते, कारण बोकाही शाईचा आणि प्रश्नचिन्हही शाईचे. दोघे एका गोत्रातले. तपकिरी, केसाळ, छायाप्रकाशासकट रंगवलेल्या बोक्याने तेच केले, की प्रेक्षक विचारणार, हे कुठून आणले?

मिकीच्या हातात 1929 मध्ये पांढरे मोजे आले, कारण काळ्या छातीवर काळा हात दिसेना. अडचण रंगाची, तोडही रंगाचीच, आणि तो मोजा आजवर उतरलेला नाही. बरे, डिस्नेकडे रंग 1932 मध्येच आला. ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ त्या वर्षीचा, आणि कार्टूनपटांपुरता तीन रंगपट्ट्यांच्या टेक्निकलरचा मक्ताही त्यांच्याचकडे होता. तरी मालिकेतला मिकी 1935 च्या ‘द बँड कॉन्सर्ट’पर्यंत काळापांढराच राहिला. खर्चाचा हिशेब त्यात असणारच. पण रंगाविना मिकी पांगळा होता, तर घरात रंग असताना त्याला तसाच कोण नाचवील?

आणि ज्यांना रंग भरायचाच होता, त्यांनी भरून पाहिला आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी टीव्हीसाठी पॉर्की पिगचे जुने लघुपट कोरियात हाताने पुन्हा गिरवून रंगवले गेले. गिरवताना मधल्या फ्रेम गाळल्या. रंग आला, चाल गेली. डुक्कर उचकी लागल्यासारखे धावू लागले. 2004 मध्ये ‘मुघल-ए-आझम’ रंगवून आला तेव्हाही याच सद्गृहस्थांनी मला ‘आता पूर्ण झाला’ असे ऐकवले होते. शीशमहालाचा प्रसंग मुळातच रंगीत होता, बाकीचा काळापांढरा होता तसाच पाहा, असे मी म्हणत राहिलो. तो वाद तेव्हाही सुटला नाही, कारण सद्गृहस्थांना बस पकडायची होती.

मग या लघुपटांना मोजायचे कशाने? माझ्याकडे मोठी फूटपट्टी नाही. एवढेच पाहतो, की रेषा आपण रेषा आहोत हे विसरली का. एमिल कोहलच्या 1908 च्या ‘फँटास्मागोरी’त, सुमारे सातशे चित्रांत, खडूने काढल्यासारखा एक माणूस खिडकीतून पडून तुटतो. मग चित्रकाराचे खरे हात पडद्यावर येतात आणि त्याला डिंकाने सांधतात. त्यात विसर पडत नाही. पुढच्या कित्येक देखण्या चित्रपटांत पडतो. शिवाय ताल पाहतो. एवढेच.

माझ्याकडे ‘द स्केलेटन डान्स’ची बरी प्रत आहे, 1929 ची: एक सांगाडा दुसऱ्याच्याच हाडांनी त्याच्या पाठीवर झायलोफोन वाजवतो. पांढरी हाडे, मागे काळोख. सद्गृहस्थांनी यावे. दिवे घालवावे लागतील. मध्यंतर नाही, म्हणून पोहेही नाहीत. साडेपाच मिनिटांत संपतो, बस चुकणार नाही.