मनोरुग्णाचे स्थितिकरण



इतवारीत कोणाला हृदयविकाराचा झटका आला, तर सायंकाळपर्यंत रुग्णालयात समाजबांधवांची रीघ लागते. त्याच घरातील तरुण मनोविकारामुळे दाखल झाला, की मात्र तो 'माल पाहण्यासाठी सुरतेस गेलेला' असतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या आतेभावाच्या बाबतीत आम्ही हेच केले. पेढीची पत जाईल, बहिणीची सोयरीक मोडेल, या भीतीने दीड महिना त्याला कोणी भेटले नाही. मी एकदा गेलो, तोही खर्चाचा हिशेब चुकता करण्यासाठी. निघताना त्याने विचारले, "दादा, माझ्या गल्ल्याची किल्ली आता कोणाकडे आहे?" मी उत्तर टाळले. घरात आपली जागा शिल्लक आहे काय, असे तो विचारत होता, हे मला फार उशिरा उमगले. औषधांनी तो सावरला. दुकानात परतण्यास मात्र त्याला दोन वर्षे लागली.

औषधोपचार मनोविकारतज्ज्ञ करतात. संवादाने मन मोकळे करण्याचे काम मानसशास्त्रज्ञ व समाजसेवा अधीक्षक करतात. परंतु 'तू आमचा आहेस' ही खात्री घरच्यांनीच द्यावयाची असते. भेटीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी आणि ती पाळावी. भेट थोडक्यात असावी. रुग्णाला भास होत असतील, तर त्यांवर वाद घालू नये व होकारही भरू नये. "तुला भीती वाटते आहे, हे मला कळते" एवढे पुरे. "असे का केलेस?" ही उलटतपासणी आणि उधारी-वसुलीच्या वार्ता टाळाव्यात. घरचे साधे वर्तमान सांगावे.

आपल्या घरांसाठी एक सूचना विशेष महत्त्वाची. लिथियमसारखे औषध चालू असताना शरीरातील पाणी कमी झाले, तर रक्तातील औषधाचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. म्हणून पर्युषणातील उपवास किंवा चौविहार डॉक्टरांच्या सल्ल्याविना करू नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दाखल रुग्णास भेटीगाठींचा, दूरध्वनीचा व गोपनीयतेचा हक्क दिला आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही वैद्यकीय विम्याचे संरक्षण द्यावे, असेही त्यात नमूद आहे. पॉलिसी काढताना हे अवश्य तपासावे. केवळ कुटुंबाने स्वीकारले नाही म्हणून कोणास रुग्णालयात ठेवता येणार नाही, असेही हा कायदा सांगतो. ही तरतूद करावी लागली, यातच आपली लाज आहे. आपल्या नागपुरातील प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे, ९४० खाटांचे. राज्यातील अशा रुग्णालयांत बरे होऊनही, न्यायला कोणी न आल्यामुळे वर्षानुवर्षे राहिलेले लोक आहेत.

सम्यक्त्वाच्या आठ अंगांत उपगूहन आणि स्थितिकरण ही दोन अंगे लागोपाठ येतात. दुसऱ्याच्या उणिवेची चर्चा चव्हाट्यावर करू नये, हे उपगूहन. डळमळलेल्याला पुन्हा स्थिर करावे, हे स्थितिकरण. आपण पहिल्याचा अर्थ माणूसच लपवून ठेवणे असा केला आणि दुसरे विसरलो. वैयावृत्त्यास पात्र असणाऱ्यांत 'ग्लान' म्हणजे रुग्ण साधूही गणला आहे. त्याच भावनेने घरच्या रुग्णाकडे पाहावे. शरीराचा आजार आणि मनाचा आजार असा भेद सेवेत कशासाठी?

आपल्या माहितीत कोणी दाखल असल्यास, त्याची व घरच्यांची संमती घेऊन एकदा भेटून यावे. घरात कोणाचे मन खचलेले दिसल्यास शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क उपलब्ध आहे. आणि त्याने गल्ल्याच्या किल्लीविषयी विचारले, तर माझ्यासारखे गप्प राहू नये. "तुझी जागा तशीच आहे, सावकाश ये," असे सांगावे, आणि ती जागा खरोखर राखून ठेवावी.