पाठीवरचे पोते आणि ताटातील डाळ

छत्रपती संभाजीनगरात गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली व्यायामशाळा निघाल्या आहेत. तेथे जाणारा तरुण वजने उचलून झाली की प्रथिनांची भुकटी दुधात वा पाण्यात कालवून पितो. तरुणांनी शरीर कमवावे, यात टीका करण्याजोगे काही नाही. परंतु त्याच शहरात जाधववाडीच्या बाजार आवारात धान्याची पोती पाठीवर वाहणारा हमालही वजनच उचलत असतो. त्या श्रमानंतर त्याच्या शरीरात काय घडते आणि त्याच्या ताटात काय पडते, याची विचारपूस कोणी करीत नाही. ती करणे हे आपले काम आहे.

शरीरशास्त्राचा निर्वाळा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. जड वजन उचलल्यानंतर स्नायूंतील प्रथिनांची मोड वाढते आणि नव्या प्रथिनांची बांधणीही वाढते. ही बांधणी एक ते दोन दिवस वाढत्या वेगाने चालू राहते. मात्र माणूस उपाशी असेल तर हा जमाखर्च तुटीतच राहतो. अन्नातून अमिनो आम्ले मिळाली तरच शिल्लक पडते. शिवाय शरीराची पहिली गरज ऊर्जेची असते. उष्मांक अपुरे पडले की पोटात गेलेले प्रथिनही सरपणासारखे जाळले जाते. मग स्नायूंची डागडुजी कशातून व्हावी?

नेमका हाच मुद्दा डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी सत्तरच्या दशकात मांडला होता. जगभर तेव्हा प्रथिनांच्या दुष्काळाची चर्चा होती आणि त्यावर खास प्रथिनयुक्त पदार्थांचा उतारा सुचविला जात होता. गरिबाचे खरे दुखणे पोटभर अन्न न मिळणे हे आहे. तो पोटभर जेवला तर बहुतांशी प्रथिनेही त्याला मिळतील, असे सुखात्म्यांचे म्हणणे होते.

आकडे पाहिले तर हे पटते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या तक्त्यानुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी २११० आणि जड कामासाठी ३४७० उष्मांक लागतात. प्रथिनांची शिफारस मात्र दोघांनाही ५४ ग्रॅमच आहे. वजनांचा नियमित व्यायाम करणाऱ्यास याच्या दुपटीच्या जवळपास प्रथिने उपयोगी पडतात, असे अलीकडचे संशोधन सांगते. ६०० ग्रॅम ज्वारी आणि १०० ग्रॅम तूरडाळ यांतून ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीतून भरून निघते. मराठवाड्यातील भाकरी आणि वरणाची जोडी म्हणजे केवळ चवीची बाब नव्हे. भुकटीच्या एका मापात २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. चार अंड्यांतही जवळपास तेवढीच मिळतात. डब्यात जादू अशी काही नाही.

सुखात्म्यांच्या विचाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कमी अन्नाशी शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, असे ते मानीत. गरिबी मोजण्याच्या प्रश्नावर प्रा. वि. म. दांडेकर आणि त्यांचा वाद झाला तो यातूनच. आमच्या मते जुळवून घेण्याची ही भाषा हमालाच्या बाबतीत अपुरी पडते. पोत्याचे वजन त्याच्या भुकेप्रमाणे कमी होत नाही. व्यायामशाळेतील तरुण आज खांदे, उद्या पाय असे वार लावून स्नायूंना विश्रांती देतो. हमालाची मजुरी नगावर असते, आणि विश्रांतीचा दिवस म्हणजे त्याच्यासाठी बुडालेला दिवस. शरीराने जुळवून घेतले, याचा अर्थ येथे शरीर झिजले एवढाच होतो.

शासनाचे धोरण काय आहे? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला, म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. त्यातून जेमतेम १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. डाळ त्या हक्कात नाहीच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी काढून घेण्यात आला आणि अंडी हवी असतील तर लोकवर्गणीतून द्यावीत, असे शाळांना सांगण्यात आले. हमालाच्या मुलाच्या वाट्याचे आठवड्याचे एक अंडेही राज्याच्या तिजोरीला जड झाले!

आपल्या चळवळीजवळ याचे उत्तर आहे. १९६९चा माथाडी कायदा याच राज्याने केला. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ केंद्रे उभारून कष्टकऱ्याला परवडणारे जेवण देता येते, हे सिद्ध केले. प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोपर्यंत खाली आणावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच केली होती. तेव्हा मागण्या सरळ आहेत. शिधापत्रिकेवर डाळ हक्काने मिळावी. शाळेतील अंडे सरकारी खर्चाने परत यावे. प्रत्येक बाजार आवारात भाकरी, डाळ आणि उसळ देणारे भोजनगृह असावे. आणि हमालाला भरपगारी साप्ताहिक सुट्टी मिळावी, कारण स्नायूंची बांधणी होते ती विश्रांतीत.

कार्यकर्त्यांनी प्रथम एक साधे काम करावे. आपल्या गावच्या मोंढ्यात दुपारी जाऊन हमालांच्या डब्यांत काय आहे ते त्यांना विचारावे, पाहावे आणि लिहून आणावे. ती नोंद बाजार समितीपुढे आणि माथाडी मंडळापुढे ठेवावी. लढ्याची सुरुवात तेथून करता येईल.