तान्ह्याच्या तोंडचे पाणी आणि ‘परंपरे’चा खोटा दाखला

१/
दर उन्हाळ्यात समाजमाध्यमांवर एक मजकूर नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय असा : आपल्या पणज्या तान्ह्या बाळाला चमच्याने पाणी पाजत, मुले ठणठणीत राहत, सहा महिने पाण्याचा थेंबही नको, हे परदेशी खूळ आहे. विरुद्ध बाजूचा मजकूरही तितक्याच आत्मविश्वासाने लिहिलेला असतो : सहा महिन्यांचा नियम आपल्या ऋषींनी केव्हाच सांगून ठेवला होता, पाश्चात्त्यांना तो २००१ साली उमगला. दोन्हींत इतिहासाचे नाव आहे, इतिहास नाही. आणि हा वाद निव्वळ पंडिती नव्हे. त्याचा निकाल कोणत्या तरी घरात, मे महिन्याच्या दुपारी, चार महिन्यांच्या बाळाच्या ओठांवर लागत असतो.

२/
आधी ऋषींचा दाखला. गृह्यसूत्रांत अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितले आहे, हे खरे. सुश्रुत आणि वाग्भट यांनीही सहावा महिनाच दिला आहे. पण काश्यपसंहिता, जी बालरोगांचाच प्रमुख ग्रंथ मानली जाते, ती सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्या महिन्यात अन्न सांगते. महाराष्ट्रातील उष्टावणाची रूढी मुलग्यांना सम आणि मुलींना विषम महिना देते. म्हणजे पाचव्या महिन्यात खीर चाखणाऱ्या मुली घरोघरी होत्या. एकच एक ‘प्राचीन नियम’ हवा असणाऱ्यांनी यांपैकी कोणता निवडला, आणि का, हे त्यांनीच सांगावे.

३/
शिवाय सहावा महिना काही भारताची मिरासदारी नव्हे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणारा ग्रीक वैद्य सोरेनस हादेखील साधारण सहा महिन्यांपर्यंत दुधावरच भर देतो आणि चाळीस दिवसांत धान्याचे अन्न भरवू पाहणाऱ्यांना उतावळे ठरवतो. मूल बसू लागते, हात पुढे करते, दात शिवशिवतात. हे पाहायला ग्रंथ लागत नाही. जगभरच्या आयांनी ते पाहिले, वैद्यांनी लिहून ठेवले.

४/
आता गैरसोयीची गोष्ट. ज्या ग्रंथांत सहावा महिना आहे, त्याच ग्रंथांत जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत मध आणि तूप चाटवण्याचा विधी आहे. सुश्रुताचे कारण त्याच्या परीने तर्कशुद्ध होते : आईला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते, तोवर काही तरी द्यायला हवे. पहिल्या दिवसांतला तो घट्ट पिवळसर चीक हेच बाळाचे अन्न, हे त्याला ठाऊक नव्हते. मधातून होणारा अर्भकांचा बॉट्युलिझम १९७६ साली ओळखला गेला. आज एक वर्षाच्या आत मध देऊ नये असे सांगतात ते त्यामुळे. तेव्हा सहावा महिना जुळला म्हणून ग्रंथ ‘विज्ञान’ ठरवायचे आणि मधाचे पान हळूच उलटायचे, याला वाचन म्हणत नाहीत. आपल्याला हवे तेच उचलणे, एवढाच त्याचा अर्थ.

५/
पणजीकडे वळू. पणजीच्या हातचे काय काय होते? सहाणेवर वेढे मोजून उगाळलेली बाळगुटी : मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हिरडा. ती पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवत. आईचे दूध कमी पडले तर वरचे दूध. वाग्भटही आईच्या दुधाअभावी शेळीचे किंवा गाईचे दूध सांगतो. ते पाजायला बोंडले, म्हणजे चोच असलेले उघडे, चांदीचे वा पितळेचे भांडे. म्हणजे पाण्याचे थेंब बाळाच्या पोटात जात होते, हे मान्य करावेच लागते. पण दोन पाजण्यांच्या मधल्या वेळी, घड्याळ पाहून, वाटीभर उकळून गार केलेले पाणी पाजावे, ही शिस्त पणजीची नव्हे. तिचा पत्ता वेगळा आहे.

६/
तो पत्ता न्यूयॉर्क आणि डनेडिन असा आहे.

७/
१८९४ साली न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ एमेट होल्ट यांचे बालसंगोपनावरचे प्रश्नोत्तररूपी पुस्तक निघाले आणि पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. १९०७ साली न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग यांनी प्लंकेट सोसायटी स्थापन केली. त्यांची शिकवण ब्रिटिश साम्राज्यभर पसरली. स्तनपानाला या दोघांचा विरोध नव्हता. त्यांचा विश्वास होता घड्याळावर. बाळाला ठरलेल्या वेळीच पाजावे, रडले म्हणून उचलू नये, रात्री पाजू नये. पण चार तासांच्या अंतराने पाजलेले मूल मध्येच भुकेने रडणार, हे कोणतीही आई सांगू शकली असती. या पद्धतीने त्या रडण्यावर उत्तर दिले : उकळून गार केलेले पाणी.

८/
या एका सल्ल्यात पुढच्या पन्नास-साठ वर्षांचे बीज आहे. पाण्याने बाळाचे इवलेसे पोट भरते. पोट भरलेले बाळ कमी चोखते. चोखणे कमी झाले की आईचे दूध आटू लागते, कारण दूध मागणीवर तयार होते. मग ‘दूध पुरत नाही’ असे निदान होते आणि डबा घरात येतो. घड्याळाने निर्माण केलेली तहान पाण्याने भागवली गेली आणि पाण्याने निर्माण केलेली भूक पावडरीने.

९/
विसाव्या शतकाच्या मध्यावर प्रसूतिगृहांनी हीच रीत उचलली. बाळ आईपासून दूर, वेगळ्या खोलीत. तोंडात ग्लुकोजचे पाणी. आज सत्तरीत असलेल्या आज्या बाळंत झाल्या तो हा काळ. १९७९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या बैठकीतून पुढे आलेली मुदतसुद्धा चार ते सहा महिने अशीच होती. तेव्हा आजी जे सांगते ते तिच्या आजीकडून आलेले असेलच असे नाही. पांढऱ्या कोटातल्या कोणी तरी तिच्या हाती ठेवलेले असण्याची शक्यता पुष्कळ. सून आजीला ‘जुनाट’ म्हणते आणि आजी सुनेला ‘पुस्तकी’. प्रत्यक्षात दोघींच्याही हातांत पुस्तकच आहे, फक्त आवृत्ती निराळी.

१०/
‘पण तो थंड प्रदेशांचा हिशेब, विदर्भाच्या उन्हाळ्यात काय?’ प्रश्न रास्त आहे आणि संशोधकांनाही तो पडला होता. १९७८ साली जमैकात, नंतर पेरूमध्ये आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थेट दिल्लीच्या उन्हाळ्यात फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांची लघवी तपासली गेली. शरीराला पाणी कमी पडले तर लघवी घट्ट होते. ती झाली नाही. कारण साधे आहे : आईच्या दुधात सुमारे ८७-८८ टक्के पाणीच असते आणि क्षार कमी असल्याने मूत्रपिंडांना जादा पाण्याची गरज पडत नाही. उकाड्यात बाळ अधिक वेळा पिते. त्याला पिऊ द्यायचे. पाण्याची खरी गरज त्या घरात आईला असते. गंमत अशी की तिच्या तांब्याची चौकशी या वादात कोणीच करत नाही.

११/
आता मुंबई. या शहराच्या इतिहासावर लिहिणारा प्रत्येक जण एक आकडा फेकतो : १९२१ साली हजार जन्मांमागे सुमारे ६६६ अर्भकमृत्यू. आकडा नोंदीतला आहे, पण तो तसाच गिळू नये. गिरणगावातल्या अनेक स्त्रिया बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर जात. जन्म गावी, आणि मूल परतल्यावर दगावले तर मृत्यू मुंबईच्या खात्यावर. भाजक लहान, भाज्य मोठा. हा दोष वजा केला तरी उरते ते भयाणच.

१२/
त्या चाळींत मूल काय पीत होते? १९२२ च्या कारखाना कायद्याने दिवसाचे काम अकरा तासांवर आणले. ती सुधारणा होती, हे विसरू नये. आई अकरा तास साच्यावर. मूल शेजारणीकडे किंवा सात वर्षांच्या बहिणीकडे. मिळेल ते पाणी, मिळेल ते वरचे दूध, आणि मूल निजून राहावे म्हणून बाळागोळी, म्हणजे अफूची गोळी. डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तिच्यात अफूची ही सर्रास चाल नोंदलेली आहे. ‘पूर्वी मुले पाण्यावर कशी निभावली’ असे विचारणाऱ्यांनी हा अहवाल पुढ्यात घ्यावा. जी निभावली ती आजोबा झाली आणि आठवणी सांगू लागली. उरलेल्यांची आठवण सांगायला कोणी नाही.

१३/
१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. बाळंतपणाआधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. खर्चाचा मुख्य भार सरकारने उचलावा हे खरे, पण स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकाला होतो म्हणून त्यानेही वाटा द्यावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली कायदा झाला. बाळाच्या तोंडात काय जाते, या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघराबाहेर शोधणारा तो प्रांतातला पहिला ठोस प्रयत्न. समाजमाध्यमांवरच्या परंपरेच्या वादात त्याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

१४/
बाटलीचीही कथा थोडक्यात. १९३९ साली सिंगापुरात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी ‘दूध आणि खून’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे भाषण केले. श्रोते रोटरी क्लबचे प्रतिष्ठित सदस्य. गरीब आया महाग पावडर पुरवून पुरवून, अशुद्ध पाण्यात पातळ कालवत होत्या. १९८१ साली पर्यायी दुधाच्या विक्रीवरची आंतरराष्ट्रीय संहिता मतास आली : बाजूने ११८, विरोधात एकटी अमेरिका. भारताने १९९२ साली कायदा केला आणि त्यात दूधभुकटीच्या जोडीने बाटलीलाही आवरले. उघडे बोंडले बोट घालून घासता येते. बूच आणि बाटलीच्या कडांत जे दडते ते दिसत नाही. आज अकाली जन्मलेल्या बाळांना वाटीने वा दक्षिणेतल्या पालडाईने दूध पाजतात. पालडाई म्हणजे बोंडल्याची बहीणच. पणजीचे काही जपायचेच असेल तर हे भांडे जपावे.

१५/
मे २००१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सहा महिन्यांची मुदत ठरवली. ती संपली की पाणी हवेच. आता मऊ भात, खिमट, वरणाचे पाणी येते आणि घट्ट अन्नाबरोबर घोट लागतो. नवी आई इथे पुन्हा घाबरते, कारण बाळ पाणी थुंकते, तोंड वेडावते. साहजिक आहे. सहा महिने गोडसर, कोमट दूध प्यायलेल्या जिभेला पाण्याची चव म्हणजे काहीच नसल्यासारखी. उकळून गार केलेले पाणी लहान वाटीत, जेवतानाच, एक-दोन घोट. भांडे त्याच्या हाती द्यावे, अर्धे अंगावर सांडू द्यावे. साखर नको, मध तर नकोच. नाही प्यायले तर दूध चालूच आहे, जबरदस्तीचे कारण नाही. उष्टावणात मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतून बाळ जे चाखते, तो हाच प्रकार. रूढीने त्याला सोहळा केले इतकेच.

१६/
२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. म्हणजे जवळपास सहा महिने, आणि त्यांतले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ही रजा दहा किंवा अधिक माणसे नोकरीस असलेल्या आस्थापनांतल्या स्त्रीला आहे. मराठवाड्यातून कोयता घेऊन निघणारी ऊसतोडणी बाई त्या हिशेबात बसत नाही. तिचे तीन महिन्यांचे मूल फडाच्या बांधावर झोळीत असते. मोळी बांधून होईपर्यंत ते रडले, तर जवळ असते ते बाटलीतले पाणी.