पाच शतांश सेकंदांचा हिशेब

२०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण जिंकणारा केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्या जेमतेम ०.०५ सेकंद पुढे होता. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. तो फरक ३५ उड्यांवर वाटला, तर एकीच्या वाट्याला दीड सहस्रांश सेकंदही येत नाही. एवढं बारीक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पाय अडथळ्यापासून किती लांब टेकला, उतरताना वेग किती मोडला, हे कॅमेऱ्यालाच विचारावं लागतं.

वर्ध्याला याचं काय, असं कुणी म्हणेल. पण मोजण्यासारखं इथेही आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि घामावाटे अंगातलं पाणी जातं. सरावाआधी आणि नंतर खेळाडूचं वजन करा. ६० किलोच्या धावपटूचं वजन सव्वा किलोने घटलं, तर शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी गेलं असं समजा. तिथून दम लवकर तुटू लागतो. हिंगणघाटच्या बाजारात कापूस काट्यावर चढल्याशिवाय सौदा होत नाही, मुलांचा सराव मात्र अंदाजपंचे चालतो.

सेवाग्रामला १९६९पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या शरीरशास्त्राच्या जाणकारांची आणि आपल्या मैदानांची गाठ पडायला हवी. तोवर प्रशिक्षकांनी एक वही, एक वजनकाटा आणि मोबाइलमधलं स्लो मोशन एवढ्यावर सुरुवात करावी. ती कशी करायची, हे या अंकात सविस्तर दिलं आहे.

– संपादक